व्यक्तीनुसार मेंदूची काळजी

सगळ्यांना एकच सल्ला न देता, ज्या माणसाला ज्या कारणाने पुढे डिमेन्शियाचा (विसरणं आणि बुद्धीची घसरण वाढत जाणाऱ्या आजाराचा) धोका आहे ते कारण शोधून आधीच त्यावर काम करायचं, याला व्यक्तीनुसार मेंदूची काळजी म्हणतात. आपल्याकडे 'वय झालं, विसरणारच' म्हणून विषय मिटवतात आणि उपायाची चांगली वर्षं तशीच निघून जातात, हे फार वाईट आहे. लॅन्सेट कमिशनने (लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने) २०२४ मध्ये बदलता येण्यासारखी १४ कारणं दिली, बीपी, शुगर, वाईट कोलेस्टेरॉल, कमी ऐकू येणं, नजर कमी होणं, डिप्रेशन, एकटेपणा, प्रदूषण वगैरे, आणि ही सगळी दूर झाली तर जगातल्या जवळपास ४५ टक्के केसेस टळतील किंवा लांबतील असा त्यांचा अंदाज आहे.

पण यातलं कुठलं कारण कोणाचं, खरा प्रश्न तो. लालबाग-परळच्या कापड गिरणीत साचेखात्यात (मागांच्या खात्यात) आयुष्य काढलेल्या आजोबांचे कान त्या खडखडाटानेच गेलेले असू शकतात, त्यांना सुडोकू देऊन काय होणार, आधी कानाची मशीन बघा. तिकडे पार्ल्याच्या शुद्ध शाकाहारी काकू, शुगरसाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन चालू, त्यांचं बी-१२ जीवनसत्त्व तपासायलाच हवं कारण शाकाहाराने आणि या गोळीने ते कमी पडू शकतं, आणि कमी पडलं की विसरायला होतं आणि वेळेत कळलं तर बरंच सुधारतं, थायरॉइडचंही तसंच.

कानाच्या मशीनवर अमेरिकेत अचीव्ह नावाची ट्रायल झाली, २०२३ चा रिझल्ट. सगळे मिळून पाहिलं तर ३ वर्षांत फरक दिसला नाही, पण ज्यांना आधीच धोका जास्त होता त्या गटात बुद्धीची घसरण ४८ टक्के कमी झाली, म्हणजे मशीन तीच, फायदा माणसागणिक वेगळा. फिनलंडच्या फिंगर ट्रायलमध्ये (२०१५) धोका असलेल्या १,२६० जणांपैकी निम्म्यांना आहार, व्यायाम, मेंदूचा सराव आणि बीपी-शुगरवर लक्ष असं सगळं एकत्र दिलं, २ वर्षांनी त्यांची कामगिरी दुसऱ्या गटापेक्षा चांगली निघाली.

एपीओई-४ जीनची टेस्ट करून घाबरून बसू नये, तो असला तर धोका वाढतो, आजार होणारच असं नाही.

स्मरणशक्तीची टेस्ट मात्र माणसाच्या भाषेत आणि शिक्षण बघूनच घ्यावी. चौथीपर्यंत शिकलेल्या आजीला टेस्टमध्ये सांगतात ते घड्याळाचं चित्र काढता आलं नाही तर तो आजारच असेल असं नाही, ती रोजचा बाजार, पैसे, औषधं पूर्वीसारखी सांभाळते का हे घरच्यांना विचारावं.