तेवीस चादरी आणि शून्याचा भागाकार

सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या एखाद्या दुकानात 23 चादरी आल्यात आणि त्यांचे सारखे गठ्ठे बांधायचेत. दोन-दोनचे बांधले तर एक उरते, तीन-तीनचे बांधले तर दोन, चार-चारचे बांधले तर तीन. एक तर सगळ्या सुट्या ठेवा, नाहीतर एकच मोठा गठ्ठा करा. कामगार म्हणाला, ‘बसले की सारखे गठ्ठे,’ तर मालक म्हणेल, ‘परत मोज.’ गणित चुकलं असेल, ही शंका त्याच्या मनाला शिवणारही नाही. पण त्याच चादरीचा रंग जातो का, हे धुतल्याशिवाय त्यालाही सांगता येत नाही.

अनुभवाने तपासावं न लागणाऱ्या ज्ञानाला अनुभवपूर्व ज्ञान म्हणतात. ही खात्री येते कुठून, यावर युरोपात मोठा वाद झाला. अनुभववादी इंग्रज तत्त्वज्ञ लॉकच्या मते मन जन्मतः कोरा कागद असतं, सगळ्या कल्पना अनुभवातून येतात. त्यावर बुद्धिवादी, म्हणजे बुद्धीलाच ज्ञानाचा मुख्य आधार मानणाऱ्या, जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्सने विचारलं, इंद्रियं सुटी उदाहरणं दाखवतात, मग ‘असंच असलं पाहिजे’ हे कुठून कळतं? प्रश्न बिनतोड आहे. मोजायला आपण वस्तू हाताळूनच शिकतो, हे खरं. पण एखादी गोष्ट शिकलो कशी आणि ती खरी कशावरून, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. इंग्रज तत्त्वज्ञ मिलने 1843 मध्ये अंकगणितालाही अनुभवातून काढलेला सामान्य नियम ठरवलं, तेव्हा त्याने या दोन्ही प्रश्नांची सरमिसळ केली, असं मला वाटतं. स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमचं उत्तर जास्त तगडं आहे: गणित जगाबद्दल काही सांगतच नाही, ते फक्त आपल्या कल्पनांमधले संबंध उलगडतं.

या वादात मला गणितज्ञ महावीराचार्य महत्त्वाचे वाटतात. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात त्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. 1963 मध्ये हिंदी अनुवादासह तो सोलापुरातूनच प्रसिद्ध झाला. शून्याने भागलं तर संख्या तशीच राहते, असं त्यात म्हटलंय. म्हणजे 5 भागिले 0 बरोबर 5. मग उलट गुणून पाहा: 5 गुणिले 0 बरोबर 5 यायला हवं, आणि येतं शून्य. एवढ्या मोठ्या गणितज्ञाचं विधान दोन ओळींत कोसळतं, तेही कुठलाही प्रयोग न करता. बुद्धी चुकते, पण इथे चूक पकडणारीही बुद्धीच आहे. अनुभवपूर्व म्हणजे अचूक, हा समज सोडून द्यायला हवा.

ऋण संख्या स्वभावतःच कुणाचा वर्ग नसते, म्हणून तिला वर्गमूळ नाही, हेही त्याच ग्रंथात आहे. त्यांना माहीत असलेल्या संख्यांपुरतं ते अगदी बरोबर होतं. पुढे 1572 मध्ये इटलीच्या बोम्बेल्लीने अशा वर्गमुळांच्या गुणाकाराचे नियम मांडले. 1893 मध्ये विद्युत अभियंता स्टाइनमेट्झने त्याच संख्यांनी प्रत्यावर्ती विद्युतप्रवाहाची (एसी विजेची) गणितं सोपी करून दाखवली.

अमेरिकन तत्त्वज्ञ क्वाइन म्हणेल, गणित आपण ठेवतो कारण ते विज्ञानात उपयोगी पडतं. पण विजेला ते नियम लागू पडण्याआधी 300 हून अधिक वर्षं गणिती ते बिनधास्त वापरत होते. तेव्हा कुठला अनुभव त्यांच्या पाठीशी होता, याचं समाधानकारक उत्तर मला अनुभववाद्यांकडे अजून मिळालेलं नाही.