रिंकल-फ्री लिनन: चुरगळणं वेगळं, धुऊन सरळ वाळणं वेगळं

परवा दाजींचा फोन. ‘अरे, रिंकल-फ्री म्हणून लिननचा शर्ट घेतला. धुऊन काढला तेव्हा छान होता. तासभर गाडी चालवली आणि पोटावर हे एवढं जाळं! फसवलं की काय?’

म्हटलं, दाजी, फसवलं नाही. तुम्ही एक प्रश्न विचारलात, लेबलानं दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर दिलं.

लिनन का चुरगळतं ते थोडक्यात. हा धागा जवसाच्या खोडातून निघतो. विदर्भात तेलासाठी पेरतात तेच झाड, फक्त धाग्याची जात उंच. तंतूत सेल्युलोजचे रेणू दाटीनं आणि जवळजवळ सरळ रांगेत असतात. म्हणून तो मजबूत आहे, पण ताणाला हट्टी: तुटेपर्यंत जेमतेम २-३ टक्के लांबतो, तर कापूस ६-७ टक्के. दुमडला की रेणूंमधले हायड्रोजन बंध, म्हणजे त्यांना एकमेकांशी धरून ठेवणारे नाजूक दुवे, सुटतात आणि वाकलेल्या जागीच नवे जुळतात. घाम या कामाला मदतच करतो. 

आता खरा घोळ. कोरडं कापड अंगावर दुमडलं तर सावरतं का, हा एक प्रश्न. धुऊन वाळल्यावर सपाट राहतं का, हा दुसरा. प्रयोगशाळेत दोन्हींच्या तपासण्याही वेगळ्या.

पहिलीत ४० बाय १५ मिलिमीटरची पट्टी दुमडून तिच्यावर ५ मिनिटं १० न्यूटनचा, म्हणजे साधारण एक किलोचा भार ठेवतात. भार काढून ५ मिनिटं मोकळी सोडतात आणि किती उघडली तो कोन मोजतात. १८० अंश म्हणजे पूर्ण सावरली, शून्य म्हणजे मिटलेलीच. ताण्याच्या (उभ्या धाग्यांच्या) आणि बाण्याच्या (आडव्या धाग्यांच्या) दिशेनं वेगवेगळं मोजायचं. काहीही प्रक्रिया न केलेल्या लिननची काटकोनापर्यंत पोचतानाच मारामार होते.

दुसरीत कोन नाही, डोळा. ३८ सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे धुऊन वाळवतात आणि वरून तिरका प्रकाश पाडून सुरकुत्यांच्या ठरावीक साच्यांशेजारी टांगतात. तिघे प्रशिक्षित निरीक्षक एकमेकांना न विचारता १ ते ५ गुण देतात. ५ म्हणजे गुळगुळीत.

एकीत पास झालेलं कापड दुसरीत सपशेल नापास होऊ शकतं. तंतू पाण्यानं फुगलेला असताना त्याच्या रेणूंमध्ये रसायनानं टाके घातले, तर कापड ओलं असताना सावरतं आणि दोरीवर सरळ वाळतं. पण कोरडं झाल्यावर दुमडलंत, तर त्या टाक्यांचा फारसा उपयोग नाही. कोरडं कापड सावरायला हवं असेल तर ते आधी वाळवून, मग भट्टीत तापवून टाके घालावे लागतात. त्याची किंमत ताकदीत मोजावी लागते: आधीच ताठ असलेला तंतू आणखी ठिसूळ होतो आणि शर्ट कॉलरच्या कडेला आधी विरतो. माझ्या मते लिननवर हा मारा करूच नये. चुण्या नकोतच, तर दुसरं कापड घ्या.

आणखी एक तपासणी आहे, माझी लाडकी. कापड दंडगोलावर पिळून त्यावर साडेतीन किलोचं वजन २० मिनिटं, मग २४ तास टांगून साच्यांशी तुलना. गाडीत बसलेल्या माणसाच्या शर्टाचे हाल त्यातल्या त्यात हिलाच कळतात. पण लेबलावर नुसतं ‘रिंकल-फ्री’ छापतात. कुठली तपासणी, किती गुण, पत्ता नाही. याचा मला मनापासून राग आहे.

दाजींनी शेवटी विचारलं, ‘मग दुकानात कोपरा मुठीत आवळून बघतो, ते चुकीचं?’ म्हटलं, बघा की. पण त्यात अंगावरचं कळेल, धुतल्यावरचं नाही. आणि तुमच्या हाताला घाम येतो, एवढं लक्षात ठेवा.