क्लीन-अप मार्शल: दोनशे रुपयांच्या पावतीची अठरा वर्षं

मुंबईत रस्त्यावर कचरा टाकणाऱ्याला जागच्या जागी दंड करणारे क्लीन-अप मार्शल एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा एकदा घरी गेले. ‘पुन्हा एकदा’ म्हणायचं कारण, २००७ पासून ही योजना सुरू झाली, बंद पडली, परत सुरू झाली, परत बंद पडली. दर खेपेला तक्रारी त्याच आणि दर खेपेला नवी निविदा.

जुन्या कायद्यांबद्दल इथे फार लिहीत नाही. १८८८ च्या महापालिका कायद्यात रस्ते साफ ठेवण्याची तरतूद होती, १९५१ च्या पोलीस कायद्यातही सार्वजनिक ठिकाणी थुंकण्याला शिक्षा होती. पण ती वाट खटल्याची. माणूस पकडायचा, कोर्टात उभा करायचा आणि मग दंड. केळ्याच्या सालीसाठी एवढा खटाटोप कोण करणार? कायदा होता, वापर जवळजवळ नव्हता.

चित्र पालटलं ते २००० नंतर. शहरांतल्या कचऱ्यावरच्या एका जनहित याचिकेमुळे सर्वोच्च न्यायालयाने हा विषय लावून धरला आणि २००० साली केंद्राने घनकचऱ्याचे नियम काढले. मुंबईत त्यात २६ जुलै २००५ च्या महापुराची भर पडली. गटारांत अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांवर तेव्हा सगळ्यांनीच बोट ठेवलं होतं. पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, महापालिकेचे स्वच्छता उपविधी, म्हणजे पालिकेने स्वतः केलेले नियम, आले आणि त्यांत दरपत्रकच होतं. कचरा टाकला तर २०० रुपये, थुंकलात तर २००, उघड्यावर लघवी २००, उघड्यावर आंघोळ १००, रस्त्यावर गाडी धुतली तर १,०००. पैसे जागेवर भरायचे, पावती घ्यायची, विषय संपला.

हा दंड वसूल करायला माणसं हवी होती. महापालिकेचे स्वतःचे ‘उपद्रव शोधक’, म्हणजे घाण करणाऱ्यांना पकडणारे कर्मचारी, होते, पण एवढ्या शहरात ते कुठे कुठे पुरणार? म्हणून २००७ मध्ये हे काम खासगी संस्थांना कंत्राटाने दिलं गेलं. पुढच्या सगळ्या भांडणाचं मूळ त्या करारातल्या एका कलमात आहे: दंडाच्या रकमेतला निम्मा वाटा महापालिकेचा, निम्मा संस्थेचा.

कागदावर हे झकास दिसतं. महापालिकेला पगाराचा बोजा नाही, संस्थेला काम करायची गरज. पण संस्थेचा मार्शल रस्त्यावर उभा राहिला की काय होतं ते बघा. संस्थेची कमाई पावत्यांवर, त्यामुळे मार्शलवर रोजच्या पावत्यांचा दबाव. मग तो उभा राहणार कुठे? ज्या गल्लीत रोज रात्री ढिगाने कचरा पडतो तिथे नाही, कारण तिथे टाकणारा सापडत नाही आणि सापडला तर चार जण गोळा होतात. तो उभा राहणार सीएसएमटीच्या बाहेर, गेटवेपाशी. तिथे बाहेरगावचा माणूस असतो, हातात सामान, गाडी गाठायची घाई. गुटख्याची पुडी खाली पडली की मार्शल समोर हजर. दोनशेची पावती फाडू का? माणूस गयावया करतो. शेवटी शंभरावर मिटतं आणि पावती फाडलीच जात नाही. निम्मा वाटा दोघांचाही बुडाला, मार्शलचे शंभर सुटले. बनावट पावतीपुस्तकं घेऊन फिरणारे तोतये मार्शलही अधूनमधून पकडले गेले.

बाजू घेतल्यासारखं वाटेल, पण मार्शल म्हणून उभ्या केलेल्या पोरांना सरसकट चोर ठरवणं मला पटत नाही. त्यांना ना पोलिसांचे अधिकार, ना धड प्रशिक्षण. समोरच्याने ‘नाही देत, काय करशील?’ म्हटलं की त्यांच्या हातात काही उरत नाही. दमदाटी त्यातूनच येते. पैशाची वाटणी ठरली ती वरच्या टेबलावर, शिव्या खाल्ल्या खालच्यांनी.

तक्रारी वाढल्यावर २०११ च्या सुमारास योजना थांबली, २०१६ मध्ये परत आली. त्याच वर्षी केंद्राचे नवे घनकचरा नियम आले आणि जागेवरच्या दंडासाठी उपविधी करणं देशभरातल्या पालिकांना बंधनकारक झालं. मुंबईच्या प्रयोगाला असं देशपातळीवर कायद्याचं पाठबळ मिळालं. राज्याने पुढे महापालिकांच्या वर्गवारीप्रमाणे दर ठरवून दिले. पुण्यात २०१८ मध्ये थुंकणाऱ्याला दीडशे रुपये दंड आणि वर स्वतःची पिंक स्वतः पुसायची, असा खाक्या काही काळ चालला. नागपूरने २०१७ मध्ये उपद्रव शोध पथक उभारलं, त्यात माजी सैनिक घेतले. गणवेशाचा धाक आणि शिस्त, दोन्ही आयतं मिळालं. मुंबईने मात्र आपली वाट सोडली नाही.

मग कोरोना. मार्शलना कचऱ्याचं काम राहिलं बाजूला, मास्कचा दंड मिळाला. आधी १,०००, सप्टेंबर २०२० पासून २०० रुपये. त्यामागचा साथरोग कायदा १८९७ चा, तोही मुंबईतल्या प्लेगच्या वेळी झालेला. पाणी प्यायला मास्क खाली केला आणि पावती फाटली, असे किस्से तेव्हा घरोघरी होते. मारामारीचे व्हिडिओ फिरले. याच सुमारास, २०२१ मध्ये, उच्च न्यायालयाने थुंकण्याच्या दंडावरून विचारणा केली: पोलीस कायद्यात १,२०० रुपयांपर्यंत मुभा असताना पालिका दोनशेच का घेते? एप्रिल २०२२ मध्ये मास्कसक्ती उठली आणि मार्शलही गेले.

एप्रिल २०२४ मध्ये ते परतले. या वेळी मोबाइल अॅपमधून पावती, म्हणजे बनावट पुस्तकांना चाप. दर मात्र तेच, २००६ चे. तेव्हा वडापाव पाचेक रुपयांना मिळायचा, दोनशेत चाळीस यायचे. आता दहा-बारा येतात. आणि निम्म्या वाट्याचं कलम? तेही तसंच. वर्षभरात दमदाटीच्या तक्रारी आल्या, करार संपला, मुदतवाढ मिळाली नाही.

मार्शल जात होते त्याच दिवसांत महापालिकेने नव्या उपविधींचा मसुदा सूचना-हरकतींसाठी खुला केला. कचरा टाकल्यास २०० ऐवजी ५००, थुंकल्यास २५०. पण लोकांचं लक्ष गेलं ते त्याच मसुद्यातल्या दुसऱ्याच गोष्टीकडे, घरटी महिन्याला शंभर रुपयांपासून सुरू होणाऱ्या कचरा शुल्काकडे. ओरड झाली ती त्याच्यावर. दंड वसूल कोण करणार आणि त्यातलं कोणाला काय मिळणार, या प्रश्नावर फारसं कोणी बोललं नाही. पावतीचं काम तेव्हा पुन्हा उपद्रव शोधकांकडे आलं, म्हणजे २००७ मध्ये जे पुरत नाहीत असं म्हटलं होतं त्यांच्याकडेच.