सावलीवरून थेंबाचा आकार: विमानातील मापनाची पार्श्वभूमी

हिमकणांच्या छायाचित्रांसाठी ओळखले जाणारे अमेरिकी विल्सन बेंटली यांनी १९०४ च्या सुमारास पावसाचे थेंब मोजण्यासाठी पिठाने भरलेले भांडे क्षणभर पावसात धरले आणि वळलेल्या गोळ्यांवरून थेंबांचा आकार काढला. विमानात पिठाची जागा धातूच्या पातळ पत्र्याने घेतली. त्यावर आदळलेल्या थेंबाचा ठसा उमटे, पण बारीक थेंबांचा पत्ता लागत नसे आणि उतरल्यावर ठसे एकेक करून मोजावे लागत.

१९७० मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट नोलेनबर्ग यांनी मांडलेल्या पद्धतीत कण कशावर आदळावाच लागत नव्हता. उपकरणाच्या दोन भुजांमधून जाणाऱ्या लेझर किरणातून कण गेला की त्याची सावली फोटोडायोडच्या, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या बारीक संवेदकांच्या, रांगेवर पडते. पुढे आलेल्या टू-डी-सी या उपकरणात असे ३२ डायोड होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला सावलीचे २५ मायक्रोमीटर (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) येत. विमान सेकंदाला १०० मीटर वेगाने जात असेल, तर चित्र ताणले जाऊ नये म्हणून सेकंदात ४० लाख वेळा रांग वाचावी लागते. जोडीच्या टू-डी-पी मध्ये हीच पायरी २०० मायक्रोमीटरची होती. पहिल्याच्या झरोक्यातून सेकंदाला जेमतेम पाच लिटर हवा जाते, म्हणून विरळ असलेले मोठे थेंब त्याच्या हाती क्वचितच लागतात. दुसऱ्याला ते भरपूर मिळतात, पण बारीक कण त्याला दिसत नाहीत.

या दोन उपकरणांच्या आकड्यांची तुलना करण्यातली खरी अडचण मात्र निराळीच होती. उपकरणाच्या फोकसपासून दूर गेलेल्या थेंबाची सावली मध्ये उजेडाचे छिद्र असलेल्या कड्यासारखी आणि मूळ आकाराहून मोठी पडते. शिवाय हिमकण भुजांच्या टोकांवर आदळून फुटतात आणि त्यांचे तुकडे बारीक हिमकण म्हणून मोजले जातात. दोन्ही उपकरणांत हाच दोष असेल, तर त्यांचे आकडे जुळणे हा अचूकतेचा पुरावा ठरत नाही. ही गोष्ट फार उशिरा गांभीर्याने घेतली गेली, असे मला वाटते. २००९ मध्ये कॅनडातील ओटावा परिसरात झालेल्या उड्डाणांत नेहमीची आणि सुधारित टोके शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा या तुकड्यांचा वाटा स्पष्ट झाला.

फुटलेले तुकडे एकापाठोपाठ एक, अगदी कमी अंतराने येतात, त्यामुळे कणांमधील वेळ नोंदलेला असेल तर त्यांतील बरेचसे मागाहूनही गाळता येतात. टू-डी उपकरणांच्या आधीच्या एकमितीय (सावलीची केवळ रुंदी मोजणाऱ्या) उपकरणांनी मात्र आकारगटानुसार केवळ संख्या साठवली होती, आणि त्या नोंदींतून खरा कण कोणता आणि तुकडा कोणता हे आता वेगळे काढता येत नाही.