ॲसिडिटीच्या गोळीआधी

दादर-परळच्या बऱ्याच मेडिकलमध्ये पँटोप्राझोलच्या, म्हणजे जठरातलं आम्ल दाबणाऱ्या गोळीच्या, पट्टीतून कात्रीने हव्या तेवढ्या गोळ्या कापून मिळतात. त्याच पुडीत अनेकदा लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्याही असतात. या तिघांचं आपसात फारसं पटत नाही, पण तो विषय काउंटरवर सहसा निघत नाही.

जठरातलं आम्ल हायड्रोक्लोरिक आहे, हे लंडनच्या विल्यम प्राउट यांनी १८२४ साली दाखवलं. पुढे शतकभरानंतरही डॉक्टर आम्ल कमी पडण्याचीच चिंता करत होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डेन्मार्कच्या क्नुड फेबर यांना दिसलं, की ज्यांच्या जठरात आम्लच नाही त्यांना पंडुरोग, म्हणजे रक्त कमी होण्याचा आजार, होऊ शकतो. डाळ-भाजीतलं लोह आम्लात विरघळतं, मग लहान आतड्याच्या सुरुवातीलाच शोषलं जातं. आम्ल नसेल तर बरंचसं तसंच पुढे सरकतं. मासळी-मटणातल्या लोहाची मात्र एवढी अडचण होत नाही. आधी आम्ल जातं की आधी लोह, हा वाद बराच रंगला, कारण लोह फार घटलं तरी जठराचं अस्तर झिजतं.

मुंबईचा धागा इथेच येतो. १९२८ साली इंग्लंडच्या डॉक्टर लूसी विल्स इथे आल्या, गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांचा पंडुरोग तपासायला. जठरातल्या दोषाने होणाऱ्या पंडुरोगाची तेव्हा मोठी चर्चा होती. या बायकांना मात्र यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइटने, गुण आला. त्यातला उपयोगी घटक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. थोडक्यात, खोट ताटातल्या जेवणात होती. रक्त कमी दिसलं की लगेच जठराकडे बोट दाखवणाऱ्यांनी हे वाचायला हवं.

मग आम्ल दाबणारी औषधं आली: १९७६ साली सिमेटिडीन, १९८८ साली पँटोप्राझोलच्याच जातीचं ओमेप्राझोल. अल्सरची ऑपरेशनं घटली, हा उपकार खराच. पण आम्ल दाबणं सोपं झालं आणि गोळी वर्षानुवर्षं चालू राहू लागली. २०११ साली अमेरिकेच्या औषध नियामकाने इशारा दिला, की ओमेप्राझोल-पँटोप्राझोलसारख्या गोळ्या वर्षाहून जास्त घेतल्यास मॅग्नेशियम घटू शकतं. काहींना नुसतं मॅग्नेशियम देऊन भागलं नाही, गोळीच थांबवावी लागली. कॅल्शियमचं त्या मानाने सोपं आहे. आम्ल नसलेल्यांत कॅल्शियम कार्बोनेट उपाशीपोटी नीट शोषलं जात नाही, जेवणासोबत जातं, हे १९८५ सालीच दिसलं होतं. कॅल्शियम सायट्रेटला आम्लाची फारशी गरज नाही. दोन-चार आठवड्यांच्या कोर्सने घाबरायचं कारण नाही, पण वर्षभर चाललेली गोळी डॉक्टरांना विचारूनच कमी करायची. एकदम सोडली तर जळजळ जोराने परतू शकते.