अळिवाचे लाडू

भिजवलेले अळीव, खवलेला ओला नारळ आणि गूळ एकत्र आटवून वळलेले मऊ, ओलसर लाडू. 'हळिवाचे लाडू' असेही म्हणतात. मुंबईच्या मराठी घरांत ते थंडीत आणि बाळंतिणीसाठी हमखास होतात. पीठ भाजणे, तळणे, पाकाची तार पाहणे यांतले काहीच करावे लागत नाही, त्यामुळे एरवी लाडवांच्या वाटेला न जाणाऱ्यालाही ते जमतात. अट एकच: अळीव नीट भिजले पाहिजेत.

अळीव (शास्त्रीय नाव लेपिडियम सटायव्हम) ही मोहरीच्या कुळातली वर्षायू वनस्पती. संस्कृतात तिला चंद्रशूर म्हणतात. सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' या आयुर्वेदाच्या ग्रंथात मेथी, ओवा आणि कालाजाजी (कलौंजी) यांच्या जोडीने अळिवाला 'चतुर्बीज' या गटात धरले आहे. बी तांबूस तपकिरी, दोन-तीन मिलिमीटर लांब. कोरडे चावले तर जिभेला किंचित झोंबते. मोहरीच्या कुळातल्या बियांचा हा गुणच आहे. लाडवात नारळ आणि गुळामुळे तो जाणवत नाही.

बीच्या सालीत चिकट, पाणी शोषणारा पदार्थ असतो. पाण्याचा थेंब लागला की तो फुगू लागतो आणि थोड्याच वेळात प्रत्येक बीभोवती पारदर्शक गर तयार होतो, फालुद्यातल्या सब्जाला होतो तसाच. म्हणून अळीव धुता येत नाहीत. धुवायला घेतले की बिया एकमेकींना आणि चाळणीला चिकटतात. ते कोरडेच निवडावे लागतात. बारीक चाळणीने धूळ काढायची, मग स्टीलच्या ताटात मूठ-मूठ पसरून, ताट तिरपे धरून बोटाने बिया पुढे सरकवायच्या. खडे बियांच्याच रंगाचे आणि जवळजवळ त्याच मापाचे असतात, पण ते जड म्हणून मागे राहतात. घाईत हे काम टाळू नये. एक खडा दाताखाली आला तरी खाणारा पुढचा लाडू घेत नाही.

साधारण प्रमाण असे: अर्धी वाटी अळिवाला दोन वाट्या खवलेला नारळ आणि सव्वा ते दीड वाटी चिरलेला गूळ. नारळ फोडताना निघालेल्या पाण्यातच अळीव भिजवतात. पाणी आधी चाखून पाहावे. ते आंबूस लागले तर नारळच उतरलेला असतो आणि लाडू दुसऱ्या दिवशी खवट लागतो. एक ते दीड वाटी पाणी लागते, कमी पडले तर साधे पाणी किंवा दूध घालतात. दोन-तीन तासांत अळीव फुगून भांडे भरते. वरून फुगलेले दिसले तरी तळाशी कोरड्या बियांचा थर बसलेला असू शकतो, म्हणून अर्ध्या तासाने एकदा चमच्याने खालून वर हलवावे. बोटांत दाबून पाहिल्यावर कुठेही कचकच लागली नाही की अळीव झाले. अर्धवट भिजलेली बी दातांत अडकते, पोटात गेल्यावर पाणी ओढते आणि जडपणा आणते. पचायला जड म्हणून या लाडवांना जो बोल लागतो, त्यात दोष बहुतेक वेळा भिजवणाऱ्याचा असतो. मुंबईच्या उकाड्यात मात्र रात्रभर ओट्यावर ठेवू नयेत, नारळपाणी आंबते. रात्री भिजवायचे असतील तर भांडे फ्रिजमध्ये जावे.

नारळ खवताना पाठीचा तपकिरी भाग येऊ देऊ नये, लाडू काळपट होतात. भिजलेले अळीव, नारळ आणि गूळ जाड बुडाच्या कढईत एकत्र करून मंद आचेवर ठेवायचे. आधी गूळ विरघळून सगळे सैल होते, मग हळूहळू आटते. सतत ढवळत राहिले की कडेने मिश्रण सुटू लागते आणि उलथन्याबरोबर गोळा फिरतो. इथेच गॅस बंद करावा. आणखी आटवले तर गुळाचा पाक होतो आणि लाडू गार झाल्यावर कडक, चिवट होतात. आधी उतरवले तर वळलेले लाडू ताटात बसतात. जायफळ-वेलची उतरवल्यावर घालायची, कोमट असताना तुपाच्या हाताने वळायचे. लाडू लहान बांधावेत.

ओल्या नारळामुळे हे लाडू टिकाऊ नाहीत. मुंबईच्या दमट हवेत बाहेर एक दिवस, फ्रिजमध्ये चार-पाच दिवस, एवढेच त्यांचे आयुष्य. महिनाभर डबा भरून ठेवायचा तर डिंकाचे लाडू करावेत, त्यात सुके खोबरे असते. दादर, गिरगाव, विलेपार्ले इथल्या मराठी पदार्थांच्या दुकानांत हिवाळ्यात तयार अळिवाचे लाडू मिळतात. घेताना ते कधी केलेत हे विचारावे. बिया कोणत्याही वाण्याकडे, लालबागच्या मसाला बाजारात किंवा मशीद बंदरला मिळतात. परदेशी चिया बियांचे पाकीट घेणाऱ्यांनी शेजारच्या बरणीतले अळीवही पाहावेत. ते बरेच स्वस्त असतात आणि चियाचे ज्या आम्लासाठी कौतुक होते, ते ओमेगा-३ गटातले अल्फा लिनोलेनिक आम्ल अळिवातही आहे: त्यातल्या तेलाचा सुमारे एक तृतीयांश भाग तेच असते.

अळिवात प्रथिने आणि तेल प्रत्येकी सुमारे पावपट. लोहाबद्दल मात्र जपून बोलावे. १०० ग्रॅम अळिवात १०० मिलिग्रॅम लोह हा आकडा जुन्या अन्नघटक तक्त्यांतून सगळीकडे पसरला; हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत तो बराच खाली आहे. तरीही रोजच्या खाण्यातल्या बियांत अळीव लोहाच्या दृष्टीने चांगलेच राहतात. हे लोह वनस्पतिज असल्याने शरीरात कमी शोषले जाते आणि चहातल्या टॅनिनमुळे आणखी कमी. चार वाजता चहाबरोबर लाडू ही मुंबईची सवय इथे आड येते. लाडू आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवावे; सोबत पेरू, संत्रे किंवा लिंबू सरबत घेतले तर त्यातल्या क जीवनसत्त्वाने शोषण वाढते.

बाळंतिणीला दूध यावे आणि अंगात ताकद भरावी म्हणून अळिवाची खीर आणि लाडू देतात. मुंबईत आईने डबा घेऊन लोकलने लेकीचे प्रसूतिगृह गाठणे हे अनेक कुटुंबांनी अनुभवलेले आहे. दूध वाढण्याला वैद्यकीय अभ्यासांचा आधार तोकडा आहे. पण बाळंतपणानंतर लोह, प्रथिने आणि उष्मांक लागतात आणि ते या लाडवातून मिळतात, यात शंका नाही. तेवढ्यावरही तो देण्याजोगा आहे. गरोदरपणात मात्र अळीव टाळायची परंपरा आहे आणि ती पाळावी. मोहरी-कोबीच्या कुळातल्या इतर वनस्पतींप्रमाणे यातही थायरॉईडच्या कामात अडथळा आणू शकणारी द्रव्ये असतात, त्यामुळे थायरॉईडचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून खावेत. गूळ आणि नारळ दोन्ही भरपूर असल्याने मधुमेहींसाठी हा 'पौष्टिक म्हणून चालेल' असा पदार्थ नाही.

गूळ कमी करायचा तर काही जण निम्म्या गुळाऐवजी बिया काढून वाटलेला खजूर घालतात. लाडू गडद आणि थोडे चिकट होतात, पण वळायला सोपे जातात. शाळेच्या डब्यासाठी बदामाचे काप आणि बेदाणे घालतात. लाडू वळायचे नसतील तर भिजलेले अळीव दुधात शिजवून, गॅस बंद करून दूध थोडे निवल्यावर गूळ घालून खीर करतात. उकळत्या दुधात गूळ टाकला तर ते फाटते.