तान्ह्याचा ताप आणि लघवीचा नमुना

दोन वर्षांखालच्या बाळाला ताप भरला, पण सर्दी नाही, खोकला नाही, जुलाब नाहीत. घरात कुणीतरी म्हणतं, दात येत असतील. दातांमुळे बाळ किरकिर करतं, लाळ गळते. पण ३९ अंश सेल्सिअसचा ताप दातांमुळे येत नाही. तापाने आणलेल्या या वयाच्या बाळांपैकी सुमारे ७ टक्क्यांच्या लघवीत जंतुसंसर्ग सापडतो. मोठ्या मुलांना उन्हाळी लागल्यासारखी जळजळ होते, सारखं शूला जावं लागतं, ओटीपोट दुखतं, आणि ते तसं सांगतात. तान्ह्याला सांगता येत नाही. ते ओकतं, दूध कमी पितं, चिडचिडं होतं. नवजात बाळात कधी लांबलेली कावीळ हीच खूण असते.

बहुतेक वेळा जंतू असतो ई-कोलाय. मुळात तो आपल्या आतड्यातला रहिवासी. १८८५ साली थिओडोर एशरिश या बालरोगतज्ज्ञानेच तो तान्ह्या बाळांच्या शीत शोधला. शीच्या जागेभोवतालच्या त्वचेवरून तो मूत्रमार्गात शिरतो आणि मूत्राशयाच्या अस्तराला चिकटून वर सरकतो. मुलींचा मूत्रमार्ग आखूड, म्हणून वर्षानंतर त्यांच्यात हा आजार जास्त. आयुष्याच्या पहिल्या काही महिन्यांत मात्र मुलग्यांचं प्रमाण अधिक असतं, हे अनेकांना ठाऊक नसतं.

निदान लघवीच्या तपासणीवर ठरतं आणि तपासणी नमुन्यावर. गफलत बहुधा इथेच होते. चिकटवायची प्लास्टिकची पिशवी सगळ्यांना सोयीची वाटते. पण लघवी त्वचेवरून वाहत पिशवीत जमते, सोबत शीचे जंतूही जातात. पिशवीतल्या लघवीत काहीच निघालं नाही, तर संसर्ग नसावा असं म्हणता येतं. जंतू वाढले, तर त्यावरून संसर्ग आहे असं ठरवता येत नाही. अशा रिपोर्टवर दहा दिवसांचं अँटिबायोटिक घेणारी मुलं कमी नाहीत.

चांगला नमुना म्हणजे मधल्या धारेचा. बाळाला दूध पाजा आणि साधारण २५ मिनिटं थांबा. जागा साबण-पाण्याने पुढून मागे पुसत धुवा, साबण नीट निघू द्या. डेटॉल किंवा सॅव्हलॉन नको. त्याचा अंश बाटलीत गेला तर जंतू मरतात आणि रिपोर्ट खोटा स्वच्छ येतो. नवजात बाळासाठी एक युक्ती आहे: एकाने बाळाला दोन्ही काखांखाली धरून पाय लोंबते ठेवायचे, दुसऱ्याने बेंबीखाली बोटांच्या टोकांनी मिनिटाला शंभरच्या वेगाने अर्धा मिनिट हलकेच टिचक्या मारायच्या, मग कमरेच्या वर मणक्याच्या दोन्ही बाजूंना अर्धा मिनिट हलकं चोळायचं. धार येईपर्यंत हे आलटून पालटून. थोड्या मोठ्या बाळांसाठी ओटीपोटावर गार सलाइनमध्ये भिजवलेलं गॉझ गोल गोल फिरवतात. मेलबर्नमध्ये १ ते १२ महिन्यांच्या बाळांवर २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या उपायाने ५ मिनिटांत ३१ टक्के बाळांना लघवी झाली. नुसती वाट पाहिलेल्यांत १२ टक्के. म्हणजे हमखास नाही, पण करून पाहण्याजोगं नक्कीच.

पहिली धार जाऊ द्या, मग निर्जंतुक बाटली धरा. ५ ते १० मिली पुरते. बाटलीच्या आत बोट लागू देऊ नका, आणि पॉटीतली किंवा डायपर पिळून काढलेली लघवी कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला, देऊ नका. बाळ फारच आजारी असेल तर डॉक्टर बारीक नळी घालून लघवी काढतात. आईवडिलांना त्याची भीती वाटते, पण काम काही मिनिटांचं असतं आणि रिपोर्ट भरवशाचा येतो.

आता वेळ. पोषक वातावरणात ई-कोलाय दर २० मिनिटांनी दुप्पट होऊ शकतो. त्या वेगाने हजार जंतूंचे दोन तासांत ६४ हजार होतात. मे महिन्यात गाडीत ठेवलेली बाटली म्हणजे जंतूंची नर्सरीच. तासाभरात लॅबमध्ये पोहोचवा. जमत नसेल तर फ्रिजमध्ये ४ अंशांवर ठेवा, २४ तासांपर्यंत चालते. बर्फाच्या कप्प्यात नको. बाटलीवर वेळ आणि लघवी कशी घेतली ते लिहा, कारण आकड्याचा अर्थ पद्धतीप्रमाणे बदलतो: मधल्या धारेत दर मिलीला १ लाख जंतूंची पारंपरिक मर्यादा, नळीच्या नमुन्यात ५० हजारही पुरेत. दोन-तीन प्रकारचे जंतू एकत्र वाढले, तर तो बहुधा नमुन्यातला मळ. युरीन रुटीन म्हणजे लघवीच्या साध्या तपासणीतले ‘पस सेल्स’ (पूच्या पेशी) इशारा देतात, निकाल नव्हे. नायट्राइट चाचणीत जंतूंना नायट्रेटचं नायट्राइट करायला मूत्राशयात सुमारे चार तास हवेत. तान्हं बाळ तासातासाला शू करतं, म्हणून संसर्ग असूनही ती अनेकदा निगेटिव्ह येते.

दुसरी चूक अशी की घरात उरलेलं अँटिबायोटिक आधी सुरू होतं आणि कल्चर नंतर. एक-दोन डोसांनीही लघवीत जंतू वाढेनासे होतात. संसर्ग तर असतो, पण कोणता जंतू आणि त्यावर कोणतं औषध चालेल, हे कळायची वाट बंद होते. म्हणून नमुना आधी, औषध नंतर; मात्र रिपोर्टसाठी दोन-तीन दिवस थांबून औषध अडवायचं नाही. तापाच्या संसर्गात ते बहुधा ७ ते १० दिवस चालतं. दोन-तीन महिन्यांखालचं किंवा सारखं ओकणारं बाळ असेल तर शिरेतून. साधारण ४८ तासांत ताप उतरायला हवा. नाहीच उतरला तर कल्चर पुन्हा पाहून सोनोग्राफी करतात.

एवढी घाई किडनीसाठी. संसर्ग तिथवर पोहोचला आणि उपचार लांबले, तर कायमचा व्रण राहू शकतो. तापासह पहिला संसर्ग झालेल्या मुलांपैकी साधारण तिघांत एकाची लघवी मूत्राशयातून उलटी किडनीकडे चढते. याला रिफ्लक्स म्हणतात. सौम्य रिफ्लक्स वाढत्या वयात आपोआप जातो. रोज थोडं अँटिबायोटिक देऊन काय साधतं, हे अमेरिकेतल्या रिफ्लक्स असलेल्या ६०७ मुलांच्या चाचणीत दोन वर्षं तपासलं गेलं. निकाल २०१४ साली आला. पुन्हा होणारे संसर्ग निम्म्याने घटले, व्रणांत मात्र फरक पडला नाही. म्हणून हे औषध सरसकट देत नाहीत.

शाळेत जाणाऱ्या मुलींना पुन्हा पुन्हा संसर्ग होत असेल, तर आधी पोट साफ होतं का ते विचारा. भरलेलं मलाशय मूत्राशयावर दाबतं, लघवी पूर्ण निघत नाही आणि उरलेल्यात जंतू वाढतात. त्यात शाळेचं स्वच्छतागृह घाण, म्हणून मुली पाणीच पीत नाहीत आणि दुपारपर्यंत शू धरून बसतात. मूत्राशयात किती मावतं याचा ढोबळ हिशेब सोपा आहे: वयात एक मिळवून ३० ने गुणा. सहा वर्षांच्या मुलीचे २१० मिली. तिने दर दोन-तीन तासांनी शूला जायला हवं, घाई न करता. कमोडवर पाय लोंबत असतील तर खाली पाट द्या. वर्गशिक्षिकेला तशी चिठ्ठी द्या, आणि बद्धकोष्ठतेचं औषध डॉक्टर सांगतील तितके महिने चालू ठेवा. पोट चार दिवस साफ झालं म्हणून बंद केलं की त्रास परततो.

मुलग्याच्या शिश्नाची त्वचा ओढून मागे करू नका. लहानपणी ती घट्टच असते आणि ओढल्याने चिरते. मात्र त्याची धार बारीक, थेंबथेंब पडत असेल तर सोनोग्राफी लांबवू नये, कारण मूत्रमार्गातल्या जन्मजात पडद्यामुळे तसं होऊ शकतं. एकदा तापाचा संसर्ग झालेल्या मुलाला पुढे कधी कारण न सापडणारा ताप आला, तर ४८ तासांच्या आत लघवी तपासायची, आणि तीही औषधाचा पहिला चमचा देण्याआधी.